कोयता, खाडा आणि पिशवी

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी ऊसतोड कामगारांच्या चळवळीचा इतिहास सांगावा, अशी त्यांची अपेक्षा होती. तो मी सांगणारच आहे, पण दराच्या आणि संपाच्या बाजूने नव्हे. आज मी बोलणार आहे ते शस्त्रक्रियेच्या इतिहासावर. मी डॉक्टर नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले आणि पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा एखाद्या वैद्यकीय शब्दावर माझी जीभ अडखळली, तर समोर बसलेल्या डॉक्टरमंडळींनी सांभाळून घ्यावे. ज्या बायकांविषयी मी बोलणार आहे त्यांच्यात माझे आयुष्य गेले, एवढाच माझा या विषयावरचा अधिकार.

प्रथम माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला हक्क पोहोचत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी, आमच्या संघटनेतला एक गडी आपल्या बायकोला घेऊन माझ्याकडे आला. बाई तिशीच्या आतली, तीन लेकरांची आई, नसबंदी झालेली. अंगावरून पांढरे जाते, पाळीत फार जाते, कंबर धरते, असे तिचे दुखणे. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली होती आणि तिथे सांगण्यात आले होते की पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. “दादा, पैशाची तेवढी सोय करा,” एवढेच त्या गड्याचे मागणे. मी मुकादमाला गाठले, त्याच्याशी भांडलो आणि उचल वाढवून घेतली. पिशवी निघाली. मी ते संघटनेचे काम समजून अभिमानाने केले. दुसरा काही उपाय आहे काय, हा प्रश्न मी विचारला नाही, तिच्या नवऱ्याने विचारला नाही, आणि तिला तर तो विचारण्याची सोयच नव्हती. पुढे ती बाई चाळिशीच्या आत म्हातारी झाली. अंगाची आग, सांधे धरलेले, झोप उडालेली. आणि वाढीव उचल फेडण्यासाठी दोघांना आणखी एक हंगाम फडात उभे राहावे लागले.

त्या दिवशी न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास मला आज सांगायचा आहे.

आपण शहरातली मंडळी. दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे जाताना आपण पाहतो आणि पाडव्याच्या सुमारास परत येताना पाहतो. मधले पाच-सहा महिने आपल्याला दिसत नाहीत. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्या वाटेने पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक धुराडी उभी राहिली. तिकडे कालव्याचे पाणी होते, इकडे बालाघाटाच्या डोंगरात पाऊस नव्हता. कारखान्याला हात हवे होते आणि आमच्या हातांना काम हवे होते. त्यातून जी व्यवस्था जन्मली तिचे एकक माणूस नाही, ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाई तोडलेला ऊस गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. परंतु वहीत तिचे नाव नसते.

या हिशेबात एक शब्द आहे, ‘खाडा’. दोघांपैकी एकजण कामावर आला नाही तर खाडा पडतो आणि दंड कापला जातो. पुष्कळ ठिकाणी तो दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत असतो. पाळीचे चार दिवस, गरोदरपणातली ओकारी, बाळंतपणाचा आठवडा, हे सारे त्या वहीत खाडेच. राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाळीचे कापड धुवायला पुरेसे पाणी नाही आणि ते उन्हात वाळत घालायला जागा नाही. अशा स्थितीत अंगावरून जाण्याचे दुखणे झाले नाही तरच नवल. लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर मोळी, म्हणून ‘अंग बाहेर येण्याचे’ दुखणेही मोठे. आता अशा बाईला कोणी म्हणाले की एकदाचे ऑपरेशन करून टाक, पाळीची कटकट मिटेल, तर तिला ते सुटकेसारखे वाटणारच. तिच्या अडाणीपणाला हसण्याआधी आपण तो खाडा मोजला पाहिजे.

आता शस्त्रक्रियेकडे वळतो. या विद्येचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो तसतशी एक गोष्ट ध्यानात आली. ही विद्या मोठ्या चिरेकडून लहान चिरेकडे, आणि लहान चिरेकडून बिनचिरेच्या उपायाकडे चालत आली आहे.

१८१३ साली जर्मनीत गॉटिंगेन येथे कॉनराड लांगेनबेक याने पोट न फाडता, योनिमार्गाने, गर्भपिशवी काढली. तेव्हा भूल देण्याची विद्या नव्हती. त्याच्या सहकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना. पुढे सव्वीस वर्षांनी ती बाई वारली आणि शवविच्छेदनात गर्भपिशवी नसल्याचे दिसले, तेव्हा कुठे त्याचे म्हणणे खरे ठरले. पोट उघडून पिशवी काढण्याचा मार्ग त्यानंतरचा. १८५३ साली अमेरिकेत लॉवेल गावी वॉल्टर बर्नहॅम याच्या हातून अशा शस्त्रक्रियेनंतर पहिली बाई वाचली. तिच्या आधीच्या अनेकींना प्राण गमवावे लागले होते. भूल आली, जंतुनाशके आली, रक्त चढवण्याची सोय झाली, आणि पोटाची मोठी चीर सुरक्षित होत गेली. सोपी झाली म्हणून ती सर्रासही झाली.

परंतु दुसरीकडे वेगळे प्रयत्न चालू होते. १९०१ साली गेओर्ग केलिंग या जर्मन डॉक्टराने कुत्र्याच्या पोटात हवा भरून बारीक नळीने आत पाहून दाखवले. १९१० साली स्वीडनमध्ये याकोबेयुस याने तीच गोष्ट माणसावर केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये राउल पाल्मेर याने ती स्त्रीरोगांसाठी वापरली. बाईला डोके खाली आणि कंबर वर अशा उतरत्या टेबलावर निजवायचे, पोटात वायू भरायचा, म्हणजे आतडी वर सरकतात आणि गर्भपिशवी स्वच्छ दिसते. जर्मनीतल्या कील शहरी कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने त्यासाठी नवी हत्यारे आणि वायू मोजून भरणारे यंत्र घडवले. १९८० साली त्याने दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याची हेटाळणी केली. त्याआधी त्याला स्वतःचा मेंदू तपासून घ्यायलाही सुचवले गेले होते. १९८८ साली अमेरिकेत हॅरी राइक याने दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भपिशवी काढली. बेंबीपाशी एक आणि खाली दोन-तीन, अशी बोटाच्या पेराएवढी छिद्रे. बाई एक-दोन दिवसांत घरी आणि काही आठवड्यांत कामावर.

ही झाली परदेशची हकीगत. पण या वाटेवर आपली माणसेही चालली आहेत, आणि त्यांचे नाव घेताना छाती भरून येते. गोव्यात शिरोडे येथे १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. मधल्या महिन्यांत वारंवार गर्भ पडणाऱ्या बायकांसाठी, गर्भपिशवीच्या तोंडाला आवळून धरणारा टाका त्यांनी शोधला आणि १९५५ साली प्रसिद्ध केला. जगभर तो ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखला जातो. त्यांचे दुसरे काम आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. तरुण बायकांचे अंग बाहेर येते, त्यावर पिशवी काढणे हा एकच उपाय नाही, असे त्यांचे म्हणणे. पट्टीचा झोळा करून ती पिशवी पाठीच्या कण्याच्या खालच्या हाडाशी टांगून धरण्याची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली. मुंबईच्याच पुरंदरे यांनी १९६० नंतरच्या दशकात, पोटाच्या भिंतीतल्या चिवट पडद्याची पट्टी वापरून असाच दुसरा मार्ग दाखवला. पुढे मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी योनिमार्गाने पिशवी काढण्याची पद्धत, म्हणजे पोटावर एकही चीर न देता, हयातभर शिकवली. सांगायचा मुद्दा असा की पिशवी शक्यतो वाचवावी, आणि काढावीच लागली तर शरीराला कमीत कमी जखम करून काढावी, ही शिकवण मराठी मुलखात सत्तर वर्षांपासून आहे. ती मुंबईहून बीडला का पोहोचली नाही?

काही जण म्हणतील, हत्यारे महाग, खेड्यात कशी येणार? श्रोतेहो, हत्यार खेड्यात आले होते! गावोगावच्या शिबिरांत ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्द आमच्या आया-मावश्यांच्या तोंडी होता. पण ते कशासाठी? नसबंदीसाठी. सरकारला जन्मदर कमी करायचा होता, त्याचा कोटा ठरलेला होता, म्हणून दुर्बीण तांड्यापर्यंत गेली. त्याच बाईला रक्त जास्त जाते म्हणून तीच दुर्बीण तिच्या पोटाकडे वळली नाही, कारण त्याचा कोटा नव्हता. पंचविशीच्या आत नसबंदी झालेल्या बाईला मग सांगायला सोपे होते की आता मुले होणार नाहीत, मग ही पिशवी हवी कशाला?

खेड्यातल्या बाईला खरोखर काय होते, हे नीट तपासले ते गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी. दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचे काही ना काही दुखणे होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. या दुखण्यांत जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता, आणि तो गोळ्या-औषधांनी बरा होतो. त्यासाठी पिशवी काढणे म्हणजे पायात काटा मोडला म्हणून पाय कापणे होय.

राहिली कॅन्सरची भीती, जी दाखवून माझ्या त्या गड्याच्या बायकोला टेबलावर घेतले. त्याचे उत्तर तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात सापडले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय. १९९९ पासून तिथल्या ५२ गावसमूहांतल्या, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्याची आयुष्यात एकदाच चाचणी करून वेळीच उपचार केले, तर त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसले. कॅन्सरपूर्व डाग सापडला तर तो गोठवून किंवा तेवढाच भाग कापून काढता येतो. म्हणजे भीतीवरचा पहिला इलाज तपासणी आहे, सुरी नव्हे. आपल्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडे हे सिद्ध झाले, आणि शिवेच्या आत काय चालले होते?

ते २०१९ साली जगापुढे आले. त्या वर्षी वर्तमानपत्रांत बीडच्या बिनपिशवीच्या बायकांच्या बातम्या छापून आल्या आणि राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याला नोटीस काढली. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. मी कागदावर हिशेब मांडला: दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयोगटात, देशाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडे वर आहे. वयोगट तंतोतंत एक नसतील. तरी तीन कुठे आणि जवळजवळ सतरा कुठे!

त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. २०२२ साली केंद्राने मार्गदर्शक सूचना केल्या आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राजस्थानातले डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, त्या सूचना तीन महिन्यांत अमलात आणण्यास सर्व राज्यांना सांगितले. देश, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर देखरेख समित्या असाव्यात, असे त्यांत आहे. या गोष्टी चांगल्याच झाल्या. परंतु परवानगीचा कागद मोठी वाट अडवतो; लहान वाट उघडून देत नाही. बाईचे दुखणे तर कायमच राहते.

म्हणून लहान वाटा कोणत्या, हे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. जंतुसंसर्गाला औषध, आणि ते नवऱ्यानेही घ्यायचे असते, नाहीतर दुखणे परत येते. पाळीत फार जात असेल तर प्रथम गोळ्या. त्यानंतर फिनलंडमध्ये तयार झालेली, १९९० पासून वापरात असलेली, औषध सोडणारी तांबी. ती आत बसवली की काही वर्षे रक्तस्राव पुष्कळ कमी राहतो आणि बसवायला पोट उघडावे लागत नाही. पिशवीच्या आतले अस्तर उष्णतेने जाळण्याचा उपाय आहे. आत कोंब किंवा लहान गाठ असेल तर योनिमार्गाने दुर्बीण घालून तेवढीच काढता येते. मोठी गाठ असली तरी पिशवी ठेवून नुसती गाठ काढता येते. १९९५ पासून, पॅरिसच्या राव्हिना यांच्या मार्गाने, गाठीचा रक्तपुरवठा बारीक नळीतून बंद करून ती सुकवताही येते. आणि पिशवी काढावीच लागली तर आधी योनिमार्ग, मग दुर्बीण, आणि त्या दोन्ही न जमल्या तरच पोटाची चीर.

कोणी असे समजू नये की मी पिशवी काढण्याच्याच विरुद्ध आहे. कॅन्सर झाला असेल, रक्तस्राव कशानेच थांबत नसेल, तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवते आणि ती करणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मानले पाहिजेत. पण सोबत बीजकोशही काढले, तर तरुण बाईची पाळी त्याच दिवशी कायमची जाते, हाडे झिजतात, हृदयाचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी पुष्कळ जणींना पाळी जाण्याचे वय लवकर गाठते. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला हाडांची किंमत मी का सांगावी?

आता माझ्या स्वतःच्या घराकडे बोट दाखवतो. आमच्या संघटनेची वीस वर्षांची मागणीपत्रके मी या व्याख्यानासाठी पुन्हा काढून वाचली. टनामागे दर, मुकादमाचे कमिशन, अपघाताचा विमा, बैलांचासुद्धा विमा. बाईच्या पाळीविषयी एक ओळ नाही. बैल आजारी पडला तर काय, याचा विचार आम्ही केला. बाई आजारी पडली तर तो आम्हाला खाडा वाटला. मुकादमाची वही आणि आमचे मागणीपत्रक यांत या एका बाबतीत काहीच फरक नव्हता. आता त्यात तीन ओळी घातल्या आहेत. टोळी निघण्याआधी प्रत्येक बाईची स्त्रीरोग तपासणी व्हावी आणि औषध सोबत मिळावे. पाळीचा आणि बाळंतपणाचा दिवस खाडा धरू नये. आणि बाईचे नाव नवऱ्याच्या शेजारी वहीत लिहावे, म्हणजे तिची मजुरी आणि तिचा आजार दोन्ही तिच्या नावे मोजले जातील. पहिल्या ओळीला सारे मान डोलावतात. दुसरीला मुकादम हसतात. तिसरीला आमचेच काही गडी अजून कुरकुरतात.

गेल्या हंगामाआधी असाच एक जण माझ्याकडे आला. तेच दुखणे, तशीच सोनोग्राफी, तीच मागणी. या वेळी मी मुकादमाकडे गेलो नाही. त्या दोघांना घेऊन एसटीने अंबाजोगाईला गेलो, स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात दिवसभर रांगेत बसलो. तपासणीनंतर दोघांना चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि पुन्हा दाखवायला यायला सांगितले. येताना गाडीत नवरा म्हणाला, “मला कशाला गोळ्या, दुखणं तर हिचं.” बाई खिडकीकडे तोंड करून हसली. त्याने गोळ्या घेतल्या की नाही, हे मी रोज फोन करून विचारत असे. पाडव्याला ती परत आली तेव्हा तिचे दुखणे गेले होते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एखादी बाई कामाला येत असेल, कोणाच्या दुकानात उधारी असेल, कोणाच्या वर्गात तिचे मूल असेल. ती “पिशवी काढायची आहे” असे म्हणाली तर पैशाची सोय करण्याआधी एवढेच विचारा: दुखण्याचे नाव काय सांगितले, औषध किती दिवस घेतले, आणि दुसऱ्या डॉक्टराला दाखवले का? हे तीन प्रश्न मी वीस वर्षांपूर्वी विचारले नाहीत. आपण विचारावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.